चक्कर

“एवढं खोलून बसण्यापेक्षा सरळ भंगारात घालावी,” मुक्ताबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. कल्याणीचा खालचा ओठ सुजला होता आणि बोललं की ठणकायचा.

वारज्याच्या उतारावरचं गॅरेज. मारुती गाडीचं इंजिन उतरवून पोत्यावर मांडलं होतं. मकबूल मिस्त्री एकेक भाग उचलून मुक्ताबाईंच्या लेकाला, शौनकला दाखवत होता.

“पिस्टननं मार खाल्लाय. रिंगा गेल्या. बेअरिंगनी तर जबर मार खाल्लाय. हाफ इंजिन करून भागणार नाही, साहेब. फुलच करा.”

“करा. लागेल ते सगळं नवीन टाका,” शौनक म्हणाला. “बाबांची गाडी आहे. आणि रविवारी मला ती हवीय. हिला घेऊन चक्कर मारायला जातो मी, खडकवासल्याला.”

हिंजवडीला तो कंपनीच्या बसनं जायचा. गाडी निघायची ती रविवारीच, चक्कर मारायला. घरात त्याचा आवाज कधी चढला नाही. सोसायटीच्या भिंती पातळ होत्या.

“हौशी आहात,” मकबूल म्हणाला. मग त्याची नजर कल्याणीच्या ओठावर गेली. “वहिनी, काय लागलं?”

“चक्कर येऊन पडले.”

मागच्या सर्व्हिसिंगला मकबूलनं हेच ऐकलं होतं. तेव्हा डोळा होता. कल्याणीला फार चक्कर येते हे सोसायटीतही सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारणीनं तिला रोज बीट खायला सांगितलं होतं. कल्याणी खायचीही. मकबूल पुन्हा पोत्याकडे वळला. गिऱ्हाईक जुनं होतं.

“डावीकडचं आतलं हँडल पण तुटलंय,” तो म्हणाला. “दार आतून उघडतच नाही. बसवून टाकू नवीन?”

“ते राहू दे. मी उतरून बाहेरून उघडतो तिला. तुम्ही इंजिनचं बोला.”

“इंजिनचंच बोलतो. हे आपोआप झालेलं नाही.” मकबूलनं काळं तेल बोटांवर घेतलं आणि शौनकच्या बोटांना लावलं. “चोळून बघा. भातात लागते तशी कच आहे. कुणीतरी वरून ओतलीय.”

शौनकनं चोळलं. करकर लागली.

कल्याणीला घराचा उंबरठा आठवला. आठवडाभर तो कोरा होता. आणायची राहिली, आणायची राहिली, असं सासूबाई रोज म्हणत होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मुक्ताबाई पोत्याकडे पाहत होत्या.

“कचरू,” शौनक म्हणाला.

गॅरेजच्या भिंतीपलीकडेच सोसायटीचं फाटक होतं. शौनक गेला आणि वॉचमनला कॉलरला धरून फरफटत घेऊन आला. कचरूची एक चप्पल वाटेतच राहिली.

“त्या रविवारी पार्किंगमध्ये माझ्या काचेवर टकटक करत होतास. तेव्हाच कळायला हवं होतं मला.”

“आतनं आवाज आला म्हून वाजवलं, साहेब. गाडीला हात बी न्हाई लावला.”

“कसला आवाज?”

कचरूनं कल्याणीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “कसला न्हाई.”

शौनकनं त्याच्या थोबाडीत दिली. मग मानेला धरून त्याचं तोंड बॉनेटवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. पत्रा दबला आणि त्यावर रक्ताची तार लागली. कचरू ओरडला नाही, नुसता दातांवरून जीभ फिरवत राहिला. जणू कोणता पडला ते बघत होता.

“जाऊ द्या, साहेब,” मकबूल म्हणाला. म्हणाला आणि जागीच उभा राहिला.

शौनकनं चाक काढायचा पाना उचलला. कचरूचा उजवा हात ओढून कामाच्या टेबलावर दाबला.

“हाच ना? ह्याच हातानं ओतलंस?”

पहिला घाव करंगळीवर बसला. सुकी काडी मोडावी तसा आवाज झाला. आता कचरू ओरडला. कल्याणीचे हात तिच्या नकळत स्वतःच्या डोक्यावर गेले. पाना पुन्हा वर गेला, ह्या वेळी मनगटावर नेम धरून.

“रांगोळी आहे ती,” मुक्ताबाई म्हणाल्या.

पाना वरच राहिला.

“अख्खा डबा ओतला. तुझे बाबा तेल घालायचे तेव्हा बॉनेट धरून मीच उभी असायचे. झाकण कुठं असतं ते मला कळतं. सोड त्याला.”

शौनक हसला. “तू? बाबांच्या गाडीत? आई, वेड लागलंय का तुला? का पण?”

मुक्ताबाई खुर्चीतून उठल्या. गुडघा धरत पोत्याच्या कडेनं चालत गाडीपाशी गेल्या. त्यांनी डावीकडचं दार उघडलं, आत बसल्या आणि दार ओढून घेतलं. काचेआड त्यांचा हात हँडलच्या जागी चाचपडताना दिसला. तिथे नुसतं भोक होतं. त्यांनी तिथेच दोनदा बोट फिरवलं. मग काचेवर टकटक केली.

कुणी जागचं हललं नाही. कल्याणी गेली. तिनं बाहेरून दार उघडलं.

मुक्ताबाई उतरल्या नाहीत. लेकाकडेही त्यांनी पाहिलं नाही.

“मिस्त्री, इंजिन करायचंच असेल तर आधी हे हँडल बसवा,” त्या म्हणाल्या. “हा तिला मारायला लागला की तिला उतरता येत नाही.”