संपादकांचे कान

जळगावच्या हेडफोनवेड्यांचे लेख पुण्याच्या एका ऑडिओ मासिकाचे संपादक तीन वर्षं एकाच शेऱ्यासह परत पाठवत होते : "खेळण्यांचं परीक्षण आम्ही छापत नाही."

ते व्याख्यानाला जळगावात आले, तेव्हा त्या हेडफोनवेड्यांपैकी असोद्याच्या नवलने भर सभेत आपला हेडफोन अदबीने त्यांच्या कानांवर चढवला.

"साहेब, आवाज बारीक बारीक होत जाईल. ऐकू येतोय तोवर हात वर ठेवा."

संपादकांनी डोळे मिटून हात वर केला. एक मिनिट झालं, दोन झाली. "अजून येतोय... फार नाजूक आहे!"

"काय कान शे साहेबना!" मागच्या रांगेतून नवलच्याच टोळीतले पंडितआबा म्हणाले.



नवलने हेडफोनच्या वायरचं कुठेच न जोडलेलं टोक सगळ्या सभेला दाखवलं आणि सावकाश संपादकांच्या वर धरलेल्या हातात दिलं.