खाडाखोड

मोनालीच्या सर्व्हेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर ढोबळे सरांनी लाल शाईत नऊ लिहिले होते. पंचवीसपैकी नऊ. पास व्हायला दहा लागत. तिचे दोन विषय आधीच मागे राहिलेले. हा तिसराही राहिला, की सिव्हिलचं दुसरं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आता बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सही केली, की त्या नऊवर शिक्का बसणार.

"काऊन वं," रांगेत मागे उभी असलेली आचल कुजबुजली, "घामानं आंघोळ घातली का वहीले? आम्ही सारे फेअर करून राह्यलो होतो, तवा झोपली होती का?"

मार्चच्या उन्हात दुर्बिणीतून जे दिसलं, तेच मोनालीच्या वहीत होतं. घामानं पुसट झालेले आकडे, पळसाखाली बसून लिहिलेले. पानावर एका पाकळीचा केशरी डागही.

परीक्षकांनी आधी बाकीच्या वह्या चाळल्या. "कमाल आहे. उंची मोजत अख्ख्या कॉलेजला फेरी मारून सगळे निघाले त्याच खुणेवर परत आले, आणि उंचीत एका मिलिमीटरचा फरक नाही?" मग त्यांनी मोनालीची वही उघडली. "तुमच्या उंचीत पाच मिलिमीटरचा फरक. जुळवून का नाही घेतला?"



"बाबा मिस्त्री आहेत सर, सेलूले. पाण्याच्या नळीचं एक टोक ते धरतात, दुसरं मी. पाणी थांबलं तिथंच खूण कराची. खूण वर सरकवली म्हणून भित सरळ होत नाई." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली.

"आणि हे खोडलेले दोन आकडे?"

"आचलनं उंचीची पट्टी तिरपी धरली होती."

मागे आचलला खोकला आला.

"मग रबरानं पुसायचे!" परीक्षक म्हणाले.

"मैदानावरच्या वहीत पुसायचं नसतं सर. एक रेघ मारायची, वर खरं लिहायचं. खालचं दिसू द्यायचं."

ढोबळे सर शेजारच्या खुर्चीत हलले. "सर, नीटनेटकेपणाचेही मार्क असतात."

"असतात ना," परीक्षक म्हणाले. त्यांनी वही मिटली, पुठ्ठा समोर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

लाल नऊच्या पोटातून एक आडवी रेघ गेली. खालचं नऊ तसंच दिसत राहिलं. त्याच्या वर काय लिहिलं गेलं ते हाताआड झाल्यानं मोनालीला दिसलं नाही. पण पेन एकदा उचललं गेलं आणि शेजारी पुन्हा टेकलं.

आकडे दोन होते.