जळकी बाही

उमरग्याच्या भीमाशंकर मास्तरांना लष्करी वैमानिकांची जुनी चामडी जाकिटं जमवायचा नाद होता. नुसती जमवून भागायचं नाही. कोणतं जाकीट घालून कोण उडालं, हे पत्रं लिहून, माणसं गाठून शोधायचं. घरात चौदा झाली होती. अठ्ठावन्न साली सोलापूरच्या जुन्या बाजारात पंधरावं मिळालं. काळंभोर पॉलिश केलेलं, डावी बाही मनगटापाशी जळलेली.

"इंजिनानं पेट घेतला असणार," मास्तर शाळेत सांगत सुटले. "तसल्या आगीत विमान उतरवलं पठ्ठ्यानं!"

जाकीट विकून गेलेल्या बाईचा पत्ता दुकानदारानं दिला, तसे दिवाळीच्या सुट्टीत ते जळकोटला सिद्धम्माच्या दारात पोचले. जुन्या कपड्यांवर भांडी देत ती गावोगाव फिरायची. बाही बघताच तिनं ओळखलं.

"ह्यो कोट व्हय? उमरग्यात घेतला की. शाळेमागचं घर, दारात लिंबाचं झाड."

मास्तरांचा आवाज बारीक झाला. "बाही कशानं जळली?"

"ती बाई चुलीवरचं भगुणं ह्याच्यानंच उतरवायची! लई चिवट बाई. दोन तास घासाघीस करून पितळी पातेलं घेतलं माझ्याकडनं."

मास्तर संध्याकाळच्या एसटीनं घरी परतले. ट्रंक उघडून त्यांनी जाकिटं मोजली. हातातलं धरून चौदाच भरली.

त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.



"परत आणलंत होय? बरं झालं. पातेल्याचं झाकण राहिलंच होतं."