तापवलेलं दूध

"अंकल, हे दूध तुम्ही तापवून आणता?"

किशोरीनं किटली टेबलावर ठेवली. कॉस्मे स्टुलावर अंग चोरून बसला होता.

"होय तर."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

किशोरी मटकन खुर्चीत बसली. सहा महिने दर मंगळवारी कॉस्मे आचऱ्याहून एस्टीनं कणकवलीला तिच्या प्रयोगशाळेत येत होता. मांडीवर बर्फाचा डबा, डब्यात त्याच्या कपिला गाईचं दूध. आणि सहा महिने किशोरीचा प्रयोग फसत होता. तिनं यंत्रं बदलली, औषध बदललं, आकडे पुन्हा पुन्हा तपासले. दुधावर संशय घ्यावा हे कालपर्यंत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना अंकल? दुधात बारीक पिशव्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. आपण त्यात औषध भरतो. कॅन्सरच्या पेशीला वाटतं दूधच आलंय, ती आत घेते आणि मरते. पण दूध तापवलं की पिशव्याच फुटतात. मग उरलं काय? चहापुरतं दूध!"

"माजी माय सांगायची, कच्चा दूद घराभायर गेला तर गायीक दिश्ट लागता."

"मी सहा महिने स्वतःला ढ समजतेय, आणि इथे गायीला दिश्ट!"

"चुकला गो बाय."

तो एवढा ओशाळला की तिलाच वाईट वाटलं. फुकट दूध देणाऱ्या माणसाला बोलायचं तरी किती.

कॉस्मेच्या बायकोच्या, सेवरीनाच्या छातीतली गाठ काढली, तेव्हा तिचा तुकडा संशोधनाला द्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. नवरा-बायको दोघांनी सह्या केल्या. त्या गाठीतल्या पेशी आता इथे किशोरीच्या बाटल्यांत वाढत होत्या आणि दुधाचं औषध ती त्यांच्यावरच करून बघत होती. गावठी गाईचं दूध हवंय हे कळलं तसा कॉस्मे आपणहून किटली घेऊन दारात उभा राहिला. सेवरीना राहायला हवी, बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो. एवढंच त्याच्या मनात होतं.

"बघूक मेळात?" त्यानं नेहमीसारखं विचारलं.

किशोरीनं पेशी वाढवायच्या काचेच्या कपाटातून बाटली काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कॉस्मेनं डोळा लावला. खडकाला कालवं चिकटावीत तशा पेशी तळाला गच्च बसल्या होत्या. तो बराच वेळ बघत राहिला.

"त्या कपाटात थंडी नाय मां?"

"सदतीस डिग्री असतं आत. आपल्या अंगाइतकी ऊब."

"मगे बरा."

"पण अंकल, हे साधलं तरी माणसांपर्यंत यायला वर्षं जातील हां."

"माका घाय नाय," कॉस्मे म्हणाला.

परतीच्या एस्टीत बाबली कंडक्टरनं चिमटा काढलाच. "काय रे कॉस्मे, मंगळवार इलो की नवरो होतंस! दाढी काय, इस्त्री काय!" एरवी तो हसायचा. आज खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्यावर गोठ्यात जाऊन गाईशी चार शब्द बोलला. मंगळवार सोडला तर दिवसभरात त्याचं तेवढंच बोलणं व्हायचं.

रविवारी सकाळी किशोरी स्कूटरवरून स्वतःच आचऱ्याला आली. मागे बर्फाची पेटी.

कॉस्मे गाईखाली बसला. बोटं नुसती फिरवली आणि उठला. "आज पान्हो चोरता गो ती. तू जा, मी मंगळवारी हाडतंय."

"सरका अंकल, शेतकऱ्याची पोर आहे मी." तिनं ओढणी कमरेला खोचली, सडाला पाणी मारलं आणि बसली. दोन मिनिटांत भांड्यात धारा वाजायला लागल्या. "दिश्ट लागली तर माझ्या नावावर घाला!"

कॉस्मे गोठ्याच्या खांबाला धरून उभा होता.

पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी तो पोचला, तर किशोरी दारातच. तिनं त्याला हाताला धरून आत ओढलं.

"बघा अंकल, बघा!"

त्यानं डोळा लावला. तळ मोकळा होता. आक्रसलेलं, सुटलेलं काहीतरी पाण्यात नुसतं तरंगत होतं.

"एक पण उरली नाही! तुमच्या गाईनं करून दाखवलं!" किशोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. कॉस्मेच्याही. तिला वाटलं, दोघांचं कारण एकच.

"आणि ती कपाटातली दुसरी बाटली?" त्यानं विचारलं.

"ती तुमच्या तापवलेल्या दुधाची. तुलनेला ठेवली होती. तिला काही झालं नाही, मजेत आहे. शेवटची तेवढीच उरलीय, तीही आता ब्लीचमध्ये ओतायची. काम झालं."

तिनं कपाट उघडून बाटली काढली. कॉस्मेनं तिचं मनगट धरलं.

"नको गो बाय."

"अहो अंकल, कॅन्सर आहे तो!"

"माका ठावक आसा. दूद तापवल्यार पिशव्यो फुटतत, तांय पयल्या दिसापासून ठावक होता." त्यानं बाटली दोन्ही हातांत घेतली, शर्टाच्या आत छातीशी धरली. "दोन वर्सां झाली गो सेवरीनाक मातयेत ठेवन. हंयसरच तेवडी जिती आसा ती."