चातुर्मासातली मेथी

हेमावतीनं मेथीच्या दोन जुड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि तिचे सासरे बाळाचार्य साप दिसल्यासारखे झोपाळ्यावरून उठले.

"आषाढात हे या घरात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

चातुर्मासाचा पहिला महिना शाकव्रताचा. भाजी नाही, पाला नाही, पपई-केळं काही नाही. भात, वरण, जिरं-मिरी, संपलं. आचार्यांच्या घरात हे तीन पिढ्या चालत आलेलं. हेमावतीनंही लग्न झाल्यापासून दरवर्षी पाळलं होतं, हूं की चूं न करता.

"अप्पा, मी वत्सलाला दाखवून आले सरकारी दवाखान्यात. येतानाच दुर्गदबैलाच्या बाजारात मेथी घेतली."

पाच वर्षांची वत्सला आईचा पदर घट्ट धरून उभी होती. बाहेर अजून थोडा उजेड होता, पण माजघरात अंधारलं होतं आणि त्या अंधारात पोरीला समोरचे आजोबासुद्धा दिसत नव्हते. गोवरातून उठल्यापासून हे असंच. दिवेलागण झाली की भिंतीवर आपटायची. कपाळावरचं टेंगूळ कालचंच होतं.

"रातांधळेपणा आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. गोवरानं अंगातलं सगळं ओढून घेतलंय. आता रोज पालेभाजी, पिकलेली पपई पोटात गेली पाहिजे. हयगय केलीत तर बुबुळावर फूल पडेल, मग दिवसासुद्धा दिसायचं नाही म्हणाल्या."

"महिन्याचा तर प्रश्न आहे," बाळाचार्य म्हणाले. "व्रत सुटलं की घाल हवी तेवढी मेथी."

महिन्याचा प्रश्न! जसं काही आंधळेपणाला पावण्यासारखं पुढच्या महिन्यात ये म्हणून सांगता येतं.

"अप्पा, डॉक्टरीणबाई माशाचं तेल देत होत्या. मीच हात जोडले. म्हटलं, आमच्या घरी चालायचं नाही, दुसरं काहीतरी सांगा. म्हणून त्यांनी पाला सांगितला. आता पालाही नको म्हणता? मग उद्या जाऊन ती बाटलीच आणू का?"

"हरि हरि! गुरुराज, ऐकतोयस ना बायकोचं बोलणं?"

गुरुराज हेमावतीचा नवरा. हायस्कुलात गणित शिकवायचा. वर्गात पोरं त्याला चळाचळा कापायची आणि इथं बापापुढं हा खाली मान घालून खांबाला टेकलेला.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "गुरुवारी मठात जाऊन विचारून येतो. लहान पोरांना सूट असते म्हणतात."

"गुरुवारी? आज शुक्रवार आहे. पोरीच्या डोळ्यांना गुरुवारपर्यंत धीर धरा म्हणून सांगू?"

गुरुराज नखानं खांब खरवडू लागला. तेवढं त्याला छान जमायचं.

एवढ्यात सासूबाई, कृष्णाबाई, मेथीच्या जुड्या ओलांडून बाहेर आल्या. हातात फुलपात्र, त्यात हिरवागार रस. बाळाचार्यांनी डोळे मिटून तो एका दमात घशाखाली घातला. कारल्याचा रस तो. त्यांना साखरेचा त्रास होता आणि सकाळ-संध्याकाळ हा रस लागायचाच, मग आषाढ असो की आणखी काही.

"कारलं भाजी नाही का, अप्पा?" हेमावतीनं विचारलं.

"ते औषध आहे. वैद्यांनी सांगितलंय."

"मलाही डॉक्टरणीनंच सांगितलंय."

"औषध कडू असतं. चवीनं खायची ती भाजी."

"मग मेथी काय गोड असते?"

कृष्णाबाई पदरानं फुलपात्र पुसत राहिल्या. याच बाईनं सकाळी परसातली पिकलेली पपई शेजारच्या वेणूबाईंच्या गाईला घातली होती. गाईला पपई आणि नातीला पळीभर मुगाचं वरण! धन्य आहे यांच्या पुण्याची. नातीसाठी एक शब्द बोलायला यांची जीभ उचलत नव्हती.

"वाद नको," बाळाचार्य म्हणाले. "माझ्या स्वयंपाकघरात हे शिजणार नाही."

"नका शिजवू."

हेमावतीनं जुड्या उचलल्या, ओटीवरचा पाण्याचा तांब्या घेतला आणि वत्सलाचा हात धरून थेट पुढच्या दाराबाहेर, रस्त्याकडच्या कट्ट्यावर जाऊन बसली. आपल्या मुलखात मेथी शिजवावी लागतेच कुठं? भाकरीबरोबर कच्चीच खातात सगळे. दवाखान्यात नेलेली अर्धी भाकरी फडक्यात उरली होती. तिनं पानं खुडली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली, भाकरीचा तुकडा मोडला आणि पानं त्यात दाबून घास केला.

समोरच्या किराणा दुकानातलं बोलणं थांबलं. वेणूबाई खिडकीत आल्या, त्यांनी आतून सुनेलाही हाक मारून बोलावलं. आचार्यांच्या कट्ट्यावर, ऐन शाकव्रतात, मेथी!

बाळाचार्य दारापर्यंत आले. बाहेर पाऊल टाकायचं धाडस होईना. दाराआडूनच दबक्या आवाजात म्हणाले, "आत ये. अगं, आत ये आधी! सगळी गल्ली बघतेय."

वत्सलानं पहिला घास गिळला आणि दुसऱ्यासाठी दोन्ही हात पुढं केले. आईचा हात एका बाजूला होता, ती दुसरीकडंच चाचपत होती. हेमावतीनं तिची हनुवटी धरली, तोंड आपल्याकडं वळवलं आणि घास भरवला.

मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बघू दे की, अप्पा. ज्यांना दिसतं, त्यांनी बघावं."