या जेवायला

बायको गेल्यापासून म्हातारा सुहाईमी दुपारचं मुआर गावातल्या खानावळीतच जेवायचा. आसाम पडासचा, म्हणजे चिंचेच्या कालवणाचा, लालभडक, झणझणीत रस्सा आणि मासा पुढ्यात आला, की पहिला घास हातात धरून तो आजूबाजूच्यांना म्हणायचा, "या जेवायला!" कुणीतरी "चालू द्या, चालू द्या" म्हणायचं, आणि मगच तो घास तोंडात जायचा. दिवसभरात कुणी त्याच्याशी बोलायचं ते तेवढंच.

आज त्याने दोन-तीनदा म्हणून पाहिलं. सगळ्यांच्या माना फोनमध्ये.

"मामा, खा आता, नाहीतर मासा पोहत निघून जाईल!" रोसनानी, खानावळीची मालकीण, चुलीजवळून ओरडली. "मी म्हणू का, चालू द्या?"

"तुझं धरत नाहीत. तू तर धंद्यासाठीही खा म्हणशील!"

हसू आलं, पण घास काही वर जाईना. तो ताटात परत ठेवणार, तेवढ्यात मागून बाईमाणसाचा दबका आवाज आला, "चालू द्या हो, चालू द्या."

त्याने वळून पाहिलं. कोपऱ्यात एक म्हातारी एकटीच बसली होती.

तिचाही रस्सा कधीचा निवला होता, आणि पहिला घास अजून हातातच होता.