गोठ्यातली शिकवणी

बायको वारली आणि म्हशीनं पान्हा चोरला. दोन दिवस कासेला हात लावू देईना. सून म्हणाली, “मामा, आत्या धार काढताना हिच्यासंगं इंग्रजी बोलायच्या. तुमी बोलून बघा.” नसरापूरला बायांच्या इंग्रजी वर्गाला जायची बायको. एकदा पाहुण्यांसमोर तिनं एक वाक्य बोलून दाखवलं, तर मी खदाखदा हसलो, “मडम झालीस व्हय?” तवापासनं घरात तिच्या तोंडून इंग्रजी कदी निघालं न्हाई. तिची वर्गातली वही मात्र गोठ्यात गेली. वळचणीला खोचलेली ती वही काढून सून वाचत गेली. मी मागनं म्हणत गेलो. शेवटी “ही लाफ्स. यू लिसन,” म्हटल्याबरोबर म्हैस पान्हावली, बादलीत धार वाजली. “ह्येचा अर्थ काय, पोरी?” सून खाली बघत म्हणाली, “तो हसतो. तू ऐकतेस.” आता सांज-सकाळ धारेला बसलो की मला तेच म्हणावं लागतं.